हिरवी पट्टी

सोमवार, १६ सप्टेंबर

ती आली. नाव राजनंदिनी. गाव भोंगवली, पण राहणार इथेच वेल्ह्यात, मावशीकडे. आमच्या भात-पाहणीच्या प्रमुख सुलक्षणा मॅडमनी पुण्याहून फोनवर सांगितलं होतं, "तुझ्या मदतीला एक मुलगी देते." मदतीला! मी मदत मागितली नव्हती.

तिला काम समजावून दिलं. गावोगावच्या शेतांतून भाताची पानं आणायची. पांढऱ्या कागदावर ठेवून स्टँडवरच्या कॅमेऱ्याने एकेकाचा फोटो काढायचा. मग संगणकात स्क्रिप्ट चालवायची — म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचना. ती पानाचं क्षेत्रफळ मोजते, त्यावरचे करपा रोगाचे डाग मोजते. आकडे आले की मी टेबलात भरतो. गाव, शेतकरी, पान क्रमांक, क्षेत्रफळ, डाग. एक पान, एक ओळ. ओळ भरली की बोट ठेवून परत वाचतो, मगच पुढचं पान. मागच्या हंगामात माझ्या टेबलात एकही चूक निघाली नाही. मॅडम स्वतः म्हणाल्या होत्या.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे हाताने भरतोस?"

"हो."

"सगळं?"

जसा मी विहिरीतून ओंजळीने पाणी काढतोय.

मंगळवार, १७ सप्टेंबर

विसर्जनाची सुट्टी. पासलीला घरीच.

ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकली आहे. मी बारावीला गणितात राहिलो ते तिला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. म्हणजे कुणीतरी आधीच सांगितलं असणार.

गुरुवार, १९ सप्टेंबर

आजचं लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

मॅडम आल्या. राजनंदिनी म्हणाली, "मॅडम, एक दाखवू?" तिने स्क्रिप्ट बदलली आहे. मला न विचारता. आता स्क्रिप्ट सगळ्या फोटोंची क्षेत्रफळं आधी मोजून गोळा करते आणि अख्खा कॉलम एकदम टेबलात ओतते. मग डागांचा कॉलम. माझी यादी — गाव, शेतकरी, पान क्रमांक — तीही एकदम डाव्या बाजूला. बटण दाबलं आणि टेबल वरपासून खालपर्यंत भरलं. मी तेवढं चार दिवसांत भरतो.

मी म्हणालो, "ओळ एकेक बघितल्याशिवाय कसं कळणार बरोबर आहे का?"

ती हसून म्हणाली, "अरे, पंगतीत कसं वाढतात? एकजण मीठ वाढत पुढे जातो, मागून दुसरा भाजी, त्यामागून वरण. एकाच्या पानात सगळं वाढून मग दुसऱ्याकडे गेलं तर शेवटचा माणूस उपाशी उठेल."

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसला. माझ्याकडे पाहून एक वर्षात कधी हसल्या नाहीत. "नंदिनी, छानच," म्हणाल्या. चार दिवसांत नंदिनी झाली. मी अजून सोमेश्वरच.

जाताना मॅडमनी खरं ते सांगितलं. दिवाळीनंतर एकालाच ठेवता येईल. कोण ते दसऱ्यानंतर ठरवतील. "दोघंही चांगले आहात," म्हणाल्या. दोघांकडे पाहून म्हणाल्या असत्या तर पटलं असतं. त्या तिच्याकडे पाहत होत्या.

मला ठेवलं नाही तर परत खेड शिवापूरला, दाजींच्या ओळखीने पॅकिंगला. रात्रपाळी. खोक्यावर चिकटपट्टी, खोक्यावर चिकटपट्टी. आठ महिने केलंय ते. परत नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर

तिने कॉलमच्या डोक्यावर "क्षेत्रफल" लिहिलं होतं. ती जेवायला गेल्यावर "क्षेत्रफळ" केलं. बी.एस्सी.!

सोमवार, २३ सप्टेंबर

खाली चहाच्या टपरीवर ज्ञानूने आधी तिला चहा दिला. मी आधीपासून उभा होतो. म्हटलं, "ज्ञानू, मी काय भिंत आहे का?" तर म्हणतो, "तू रोजचाच हायेस की. तुला कुठं पळून जायाचंय?"

तीही हसली. मग तिनेच स्वतःचा कप माझ्याकडे सरकवला. घेतला नाही.

दुपारभर डोकं दुखत होतं. यादी लिहीत होतो. ती मधेच खुर्ची वळवून पट्टीचं काहीतरी विचारत होती. प्रत्येक गावाची पानं लावायच्या आधी आम्ही नुसत्या पट्टीचा एक फोटो काढतो, संगणकाला सेंटिमीटर केवढा ते कळावं म्हणून. तो फोटो यादीत धरतोस का, की असंच काही. माझं लक्ष नव्हतं. हो म्हणून टाकलं. तिच्याशी बोलत बसलो तर माझी यादी कोण लिहिणार?

बुधवार, २५ सप्टेंबर

आता माझ्याकडे फक्त पानं, फोटो आणि यादी. टेबल तिच्याकडे. दिवसभर तिच्या बोटांचा आवाज ऐकतो. थांबली की वाटतं अडली. बघतो तर पाणी पीत असते.

गुरुवार, २६ सप्टेंबर

मॅडम आल्या त्या थेट तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. मागच्या वर्षी ती खुर्ची माझ्या शेजारी असायची. दोघींचं बोलणं चाललं होतं. अ‍ॅरे, लूप, कॉलम. मी पानं पुसत होतो. एक पान दोनदा पुसलं. फाटलं.

शनिवार, २८ सप्टेंबर

घरी. आईने विचारलं, "ती नवी पोरगी कशी हाय?"

"घाईची आहे."

"काम येतं का तिला?"

"येतं."

"तुज्यापरीस?"

मी भाकरी मोडत बसलो. आई म्हणाली, "मंग हुशार आसंल. तुला कुणाचं चांगलं म्हणताना घास आडकतो, तवाच कळतं मला."

सोमवार, ३० सप्टेंबर

रविवारी मोबाईलवर बघून स्क्रिप्ट लिहायला शिकायचं ठरवलं होतं. पासलीत रेंज येते ती देवळाच्या पायरीवर. तिथे संध्याकाळपर्यंत बसलो. छोटं टेबल केलं. कॉलम भरायला गेलो की लाल अक्षरात चूक येते. परत. परत चूक.

आज सकाळी तिने माझ्या मोबाईलवर ते पाहिलं. म्हणाली, "इथे कंस बंद नाही केलास. थांब, दाखवते. दहा मिनिटांचं काम आहे."

"नको. वेळ नाही."

"बरं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, पडद्याकडे पाहतच, "मला पण कुणी शिकवलं नाही रे. भावाचा लॅपटॉप तो झोपल्यावर घ्यायचे. घरचे म्हणतात, नोकरी आहे तोवर स्थळं बघत नाही. म्हणून मरमर शिकले."

खरं तर मला क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, असं सांगायचं असतं ते मॅडमना. मला कशाला?

गुरुवार, ३ ऑक्टोबर

घट बसले. मॅडम आल्या नाहीत. तिने पूर्ण टेबल त्यांना पाठवलं. खाली तिचं नाव. माझं नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

पासलीला एसटीतून उतरलो तर फाट्यावर हरिबा तात्या काठी टेकून उभेच. मॅडमनी काल शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं की पासलीत हरिबांच्या शेतात करपा जास्त, त्यांनी यंदा आपलं बी दुसऱ्यांना देऊ नये. दरवर्षी निम्मं गाव तात्यांकडूनच बी नेतं.

"सोमा, माज्या भाताला करपा?"

"टेबलात तसं आलंय तात्या."

"टेबल गेलं होतं का माज्या खाचरात? तूच आलतास ना पानं खुडायला? तुज्या डोळ्याला दिसला का करपा?"

बाजूला उभा असलेला बंडू म्हणाला, "तात्या, करपा त्या कांपुटरला झाला आसंल. औषध मारा त्याच्यावर."

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. म्हणाले, "तीस वर्सं लोक माजं बी नेत्यात. काल ग्यानबाची सून दारातनं माघारी गेली. काय सांगू तिला?"

मी खरंच पानं खुडली होती. तात्यांची पानं आरशासारखी होती. करपा होता तो शेजारच्या सोनबाच्या खाचरात. माझ्या बोटांना तपकिरी भुकटी लागली होती, आठवतंय. आणि टेबलात सोनबा स्वच्छ!

तिच्या टेबलात चूक आहे. चूक आहे!

सोमवार, ७ ऑक्टोबर

सापडली.

ती यायच्या आधी खोली उघडली. टेबल घेतलं आणि माझ्या पद्धतीने बसलो. ओळीवर बोट, एक ओळ, दुसरी ओळ. पहिल्या गावातलं पहिलं पान: क्षेत्रफळ पंचेचाळीस, डाग शून्य. असेल. पण पुढे गेलो तर परत पंचेचाळीस, शून्य. आणखी पुढे, परत. भाताची दोन पानं कधी सारखी नसतात. आणि हे एकच पान गावोगाव फिरतंय, एक डाग नाही!

मग कागदाशेजारी पडलेल्या वस्तूकडे नजर गेली. पट्टी. माझ्या शाळेच्या कंपासपेटीतली, अर्ध्या फुटाची, प्लॅस्टिकची, हिरवी. पंधरा सेंटिमीटर लांब, तीन रुंद.

तिच्या स्क्रिप्टने पट्टीला पान समजून मोजलंय!

मी हाताने भरायचो तेव्हा पट्टीचा फोटो सोडून द्यायचो. माझ्या यादीत पट्टीला ओळच नाही. पण तिच्या कॉलमात आहे. म्हणून प्रत्येक गावाला आकडे एक घर खाली सरकत गेले. पासली दहावं गाव. दहा पट्ट्या, दहा घरं. शेतकऱ्यामागे आम्ही दहाच पानं घेतो, आणि पासलीच्या यादीत पहिला सोनबा, मग तात्या. सोनबाचा सगळा करपा नेमका हरिबा तात्यांच्या नावावर. आणि सोनबाच्या नावावर अलीकडच्या गावाची स्वच्छ पानं आणि शेवटी एक पट्टी.

तिच्याच पंगतीच्या भाषेत सांगायचं तर मांडलेल्या एका पानावर माणूसच बसलेला नाही, आणि वाढणारा वाढत गेला.

किती दिवसांनी पोटभर जेवलो.

तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती दहा मिनिटांत दुरुस्त करील आणि मॅडमना कळणारही नाही. गुरुवारी मॅडम येतील.

तात्यांचा फोन येऊन गेला. उचलला नाही. तीन दिवसांचाच प्रश्न आहे.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

तिला नवरात्राचे उपवास आहेत. मावशीने केलेले दाण्याचे लाडू घेऊन आली. "सोमेश्वर, घे. तू दोन घे, तू वाळलायस."

एक घेतला. तोंडात फिरत राहिला, गिळेना. तिच्या देखत टाकताही येईना.

गुरुवार, १० ऑक्टोबर

मॅडम बसल्या, ती बसली. मी उभा राहिलो. रात्रीच वाक्यं पाठ केली होती.

"मॅडम, हरिबांचा आकडा चुकलाय. टेबलच सरकलंय." मग सगळं दाखवलं. दहाही ठिकाणची पंचेचाळीस-शून्यची ओळ दाखवली. शेवटी पट्टी उचलून टेबलावर ठेवली. "हे ते निरोगी पान."

मॅडमनी पट्टी उचलून उलटसुलट पाहिली. "पुण्यात दोघांनी पाहिलं हे टेबल. मीही पाहिलं. आणि कुणालाच…" मग राजनंदिनीकडे वळल्या. "नंदिनी, यादी आणि फोटो जुळतात का, तपासलं नव्हतंस?"

ती पडद्याकडे पाहत होती. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काहीतरी आठवत असल्यासारखं. मला वाटलं आता बोलेल, भांडेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

ती म्हणाली, "नाही मॅडम. मोजून बघायला हवं होतं. राहिलं."

बस. एवढंच.

मॅडमनी तिथूनच तात्यांना फोन लावला, माफी मागितली. पलीकडून तात्यांचा आवाज खोलीभर ऐकू आला, "आसू द्या मॅडम, यंत्र हाय, चुकायचंच. पर गावाला सांगा आता. तेवढंच मोठ्यानं सांगा."

मला म्हणाल्या, "शाबास सोमेश्वर. बारीक नजर आहे तुझी." निर्णय पुढच्या गुरुवारी सांगणार. ती दसऱ्याला भोंगवलीला जाणार, म्हणून स्क्रिप्ट दुरुस्त करायचं काम माझ्याकडे. माझ्याकडे! ज्ञानूकडे गेलो आणि स्वतःहून त्याला म्हटलं, आधी तिला दे.

तिने चहा घेतला नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

खोलीत एकटा. तिची स्क्रिप्ट उघडली. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचली, माझ्या सवयीने. पुष्कळ कळली. तिने सोपं लिहिलंय, शिकणाऱ्यालाही कळावं असं.

मधे एक ओळ दोन तिरक्या रेघांनी सुरू होते. अशी ओळ संगणक वाचत नाही, ती माणसासाठी लिहून ठेवलेली असते. मराठीत आहे.

"पट्टीचा फोटो यादीत धरलेला आहे. सोमेश्वरला विचारलं, हो म्हणाला. शेवटी 'पट्टी' नावाच्या ओळी गाळणे."

खाली त्या गाळायची सूचनाही आहे. बरोबर लिहिलेली. माझ्या यादीत "पट्टी" नावाची ओळ असती तर एकूण एक गळाली असती. टेबल स्वच्छ निघालं असतं.

ही वही मागे उलटून पाहिली. तेवीस तारीख. "हो म्हणून टाकलं."

तिला हे काल आठवलं होतं. म्हणूनच माझ्याकडे पाहिलं होतं. मग बोलली का नाही? मला कमी लेखते म्हणून? माझ्यासारख्याशी काय भांडायचं म्हणून? बोलली असती तर बरं झालं असतं. मी खोटं तरी बोललो असतो.

मॅडम स्क्रिप्ट मागतील. वाचतील.

खिडकी लावून घेतली. का लावली कुणास ठाऊक, समोर कुणी नव्हतं. ओळ निवडली. निळी झाली. पुष्कळ वेळ निळीच ठेवली.

खोडली.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. हरिबा तात्या घरी आले, हातावर आपट्याची पानं ठेवली. "तुज्यामुळं आब राह्यली रं पोरा." पाया पडलो. मान वर करवेना. आईला वाटलं, संकोचलो.

सोमवार, १४ ऑक्टोबर

ती आली. नेहमीसारखी बोलली. टेबल दोघांनी मिळून पुन्हा भरलं. तिचे कॉलम, माझं बोट. पहिल्यांदाच. चांगलं झालं काम. फार चांगलं झालं. ते लिहिताना त्रास होतो.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

मॅडमनी मला ठेवलं.

"नंदिनी वेगाने शिकते, तिला कुठेही काम मिळेल. पण मला चूक पकडणारा माणूस हवा." तिच्यासमोरच म्हणाल्या. तिने मान हलवली. म्हणाली, "बरोबर आहे मॅडम." मग मला, "अभिनंदन." हसून. तिला हसताना पाहिलं की मला आतून जळायला व्हायचं. आज तिचं सगळं गेलं आणि माझं सगळं राहिलं. तरी तेच झालं.

ज्ञानूला कुठून कळलं देव जाणे. म्हणतो, "रविवारी बघायला येणार हायेत तिला. सारोळ्याचा मुलगा हाय म्हणं." कप विसळत होता. माझ्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

ती आता दिवाळीपर्यंत थांबणार नाही; चार्जर न्यायला आली होती. दारातच थांबली. म्हणाली, "ती पट्टीची ओळ मी काढणार होते. मॅडमनी वाचली असती तर उगाच तुला बोलल्या असत्या. मी आधीच मोजून बघायला हवं होतं, त्यात तुझं काय? काल सकाळी काढायला गेले तर नव्हतीच. तू काढलीस का?"

मी हो म्हणालो. या वेळी प्रश्न नीट ऐकला होता.